मेलेला कंडक्टर आणि चोवीस फ्रेम : एका हॉरर कॉमेडीच्या पहिल्या खेळाच्या नोंदी

आमचा सिनेमा कमी पैशांत केलेली मालवणी हॉरर कॉमेडी आहे. गोष्ट एवढीच: वस्तीची एसटी, घाटात मेलेला कंडक्टर, आणि मेल्यावरही न सुटलेला त्याचा सुट्या पैशांचा हट्ट. शूटिंग आणि संकलन झाल्यानंतरचं, म्हणजे महोत्सवाचा होकार आल्यापासून पहिला खेळ होईपर्यंतचं काम माझ्याकडे होतं. त्याच्या या नोंदी. महोत्सवाचं आणि थिएटरचं नाव लिहीत नाही. सिनेमा कसा आहे हे इथे सापडणार नाही, तो थिएटरच्या पडद्यावर धडपणे कसा पोचवायचा हे थोडंफार सापडेल.

१८ नोव्हेंबर

महोत्सवाचं तांत्रिक पत्रक आलं. २के डीसीपी (थिएटरच्या सर्व्हरवर चालते ती सिनेमाची डिजिटल प्रत), सेकंदाला चोवीस फ्रेम, ५.१ आवाज (पाच चॅनेल आणि एक सबवूफर), इंग्रजी सबटायटल, वेगवेगळ्या ड्राइव्हवर दोन प्रती, २० जानेवारीपर्यंत. खेळ फेब्रुवारीत. अट: त्याआधी भारतात कुठेही जाहीर खेळ झालेला नको.

ही अट वाचून पहिला मेल मी केला तो असा: निमंत्रितांसाठी बंद दाराआड चाचणी खेळ केला तर चालेल का? उत्तर आलं की तिकीट, जाहिरात आणि समीक्षक नसतील तर चालेल. हे फोनवर विचारू नका, लेखी घ्या. मेल जपून ठेवा.

सेन्सॉर प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. महोत्सवापुरती सूट माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळते आणि तिचा अर्ज महोत्सव करतो. आपण फक्त कथासार, कलाकारांची यादी, लांबी वगैरे वेळेत द्यायचं. तासाभराचं काम. पण पुढे चित्रपटगृहात लावायचं तर प्रमाणपत्र लागणारच, आणि आमच्या सिनेमात एक कोंबडा आहे. म्हणजे प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्रही हवं. त्याची फाइल वेगळी.

लॅबकडून डीसीपीचा भाव आला ५५,००० रुपये, शिवाय लॉकनंतर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर, काही बदललं तर प्रत्येक वेळी वेगळे पैसे. हॉरर कॉमेडीत लॉकनंतर काही बदलणार नाही हे मला तरी खरं वाटेना. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून घरीच करायचं ठरवलं. वाचलेले पैसे चाचणी खेळावर.

२१ नोव्हेंबर

संकलनाची टाइमलाइन उघडली आणि पहिलाच खडा लागला. सगळा सिनेमा पंचवीस फ्रेमवर शूट आणि संकलित झालेला. आपल्याकडे टीव्ही आणि जाहिरातींची कामं करणाऱ्या कॅमेऱ्यांवर पंचवीसच लावलेलं असतं, कुणी बदलत नाही.

पंचवीसचा चोवीस करायचे दोन रस्ते. एक, सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम गाळायला सांगायचं. यात दर सेकंदाला एक फ्रेम उडते आणि कॅमेरा आडवा फिरताना (पॅन) चित्र उचक्या देतं. घाटात बसच्या खिडकीतून झाडं मागे जातात तिथे हे लगेच डोळ्यांत भरतं. दुसरा, फ्रेम तेवढ्याच ठेवून चालवायच्या चोवीसने. उचकी नाही, पण सिनेमा चार टक्के लांबतो. आमच्या १,४७,००० फ्रेम. पंचवीसने ९८ मिनिटं, चोवीसने १०२ मिनिटं ५ सेकंद.

तिसरा रस्ताही आहे. एसएमपीटीई नावाच्या नव्या पद्धतीच्या डीसीपीत पंचवीस फ्रेम चालतात आणि आजचे बरेच सर्व्हर त्या वाजवतात. महोत्सवाला विचारलं. मुख्य स्क्रीनवर चालेल, पण ऐनवेळी दुसऱ्या स्क्रीनला हलवलं तर खात्री नाही, असं कळलं. महोत्सवात स्क्रीन ऐनवेळी बदलतातच. चोवीस.

लांबी बदलल्याचं त्याच दिवशी कळवलं. वेळापत्रकात ९८ छापलं असतं तर प्रश्नोत्तरांतली चार मिनिटं गेली असती.

२६ नोव्हेंबर

आवाज चार टक्के मंदावला की स्वरही खाली उतरतो, अर्ध्या स्वराहून थोडा कमी. कंडक्टरच्या भुताला हे फार शोभून दिसलं. नायिका मात्र झोपेतून उठून बोलतेय असं वाटायला लागलं. साउंडवाल्याने स्वर दुरुस्त करून सगळं पुन्हा ताणलं. संवाद ठीक झाले. पार्श्वसंगीतातल्या पखवाजाच्या थापेला मात्र शेपूट फुटलं. ते ट्रॅक संगीतकाराकडून सुटे मागवून वेगळे ताणावे लागले. भुताचा आवाज दिग्दर्शकाच्या हट्टाने खालीच ठेवला. बरं केलं.

जादा शिफ्टचे १८,००० रुपये. शूटिंगच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्यात एक बटण दाबलं असतं तर हे वाचले असते. अर्थात ते सांगायला तिथे पोस्ट-प्रॉडक्शनचा माणूस कोण बोलावतो!

४ डिसेंबर

चोवीसवर पूर्ण सिनेमा बघितला. भीतीचे प्रसंग तसेच राहिले, काही तर सुधारले. विनोद मात्र सैल पडला. चार टक्के म्हणजे काहीच नाही असं कागदावर वाटतं. प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर एकेक-दोन-दोन फ्रेमनेच वाढलेलं असतं, पण ओळीमागून ओळ येते तिथे ते साठत जातं.

सरसकट कात्री न लावता फक्त जुगलबंदीचे प्रसंग निवडले: डेपोतला, कोंबड्याच्या अर्ध्या तिकिटाचा, आणि ड्रायव्हर-क्लीनरचा. संकलकाने ओळींमधल्या श्वासांतून दोन-तीन फ्रेम काढत नेल्या. एकूण सव्वा मिनिट कमी झालं. भीतीच्या प्रसंगांना हात लावला नाही.

१३ डिसेंबर

पहिली पूर्ण डीसीपी. माझ्या जुन्या मशीनवर सेकंदाला सहाएक फ्रेम होतात, म्हणजे सात तासांच्या आसपास. रात्री लावून झोपायचं. आकार ९० जीबीच्या घरात. सेकंदाला २५० मेगाबिट ही कमाल मर्यादा आहे म्हणून तिथपर्यंत नेलंच पाहिजे असं नाही. आमचा अर्धाअधिक सिनेमा अंधारात आहे, त्याला तेवढं लागतही नाही.

एका जुन्या थिएटरात सकाळी नऊचा रिकामा वेळ मिळाला. तासाचे ३,००० रुपये, ऑपरेटरकाकांचा चहा वेगळा. ड्राइव्ह लावली आणि सर्व्हरला ती दिसेना. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली होती. लॅपटॉपवर ती छान चालते, म्हणून कुणाच्या मनातही येत नाही. थिएटरचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यांना ईएक्सटी-२ किंवा ईएक्सटी-३ हवं. एनटीएफएसही बऱ्याच ठिकाणी चालतं, पण भरवसा ठेवू नका. काकांनी स्वतःची एक ड्राइव्ह काढून दिली, तीवर नक्कल करण्यात भाड्याचा वेळ संपला. आणखी एक तास घेतला.

मग खरी गंमत. संवाद उजव्या स्पीकरमधून यायला लागले. पडद्याच्या मधोमध उभी बाई आणि आवाज दाराकडून. त्याहून वाईट म्हणजे कंडक्टरची टिकटिक गायब.

ही टिकटिक म्हणजे आमच्या सिनेमाचा प्राण आहे. जुने कंडक्टर तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याने गाडीच्या दांड्यावर टिक टिक करत पुढे यायचे, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. भूत दिसायच्या आधी मागच्या डाव्या (सराउंड) स्पीकरमधून ती ऐकू येते. खुर्च्यांमागून कुणीतरी तिकीट विचारत येतंय असं वाटावं म्हणून.

कारण सापडलं ते असं. आवाजाचं मिक्स करणाऱ्याने फाइल दिली डावा, मधला, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड, सबवूफर या क्रमाने. डीसीपीला हवा असतो डावा, उजवा, मधला, सबवूफर, डावा सराउंड, उजवा सराउंड. मधला गेला उजव्यात, म्हणून संवाद दाराकडे. आणि डावा सराउंड गेला सबवूफरमध्ये. सबवूफर खर्जासाठी, टिकटिक सगळी तार. ती तिथे गेली की संपलीच. एकही एरर येत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सहा चॅनेल आहेत, पुढचं त्याला काय कळणार?

यावर आता आमचा उपाय असा: प्रत्येक मिक्ससोबत एक वेगळी फाइल घ्यायची, तीत एकेका चॅनेलमध्ये माणसाचा आवाज: 'डावा', 'मधला', 'उजवा'... अर्ध्या मिनिटात कळतं.

२१ डिसेंबर

चाचणी खेळ. तेच थिएटर, सकाळचा वेळ, भाडं ९,००० रुपये. बोलावलेली माणसं निवडताना एक गोष्ट ठरवून केली: सिनेमावाले कमी आणि बाकीचे जास्त. सोसायटीतले काका-काकू, कॉलेजची मुलं, निर्मात्याच्या ओळखीचे दोन निवृत्त एसटी कर्मचारी, कोकणातून पुण्यात आलेली काही कुटुंबं. शंभराच्या आसपास माणसं झाली. पन्नासच्या खाली हा खटाटोप करू नका. मोकळ्या थिएटरात माणूस एकटा हसायला लाजतो.

मी पडद्याकडे बघितलंच नाही. पुढच्या कोपऱ्यात उलटा बसून टाइमकोड (सिनेमातली नेमकी वेळ) आणि तोंडं बघत होतो. आवाजासाठी एक रेकॉर्डर मध्ये, एक मागे. नंतर हे रेकॉर्डिंग टाइमलाइनवर सिनेमाखाली लावलं. प्रेक्षक कुठे हसले, किती वेळ हसले, कुठे खोकले, सगळं फ्रेमवर दिसतं. फॉर्म भरून घेतले होते तेही वाचले, पण खरं सांगायचं तर फॉर्मवर सगळे 'छान' लिहितात. रेकॉर्डिंग खोटं बोलत नाही.

काय सापडलं?

मधल्या रीलमध्ये प्रवासी पहिल्यांदा भुताला उलट बोलतो. भूत विचारतं, "सुटे पैशे आसत काय?" आणि म्हातारा सांगतो, "मरान सात वर्सा झाली तरी सुटेच मागतस?" थिएटर फुटलं. छान. पण त्या हशात पुढची ओळ बुडाली, आणि पुढच्या ओळीतच सांगितलंय की तिकीट फाडल्याशिवाय गाडीतून उतरता येत नाही. सगळा उत्तरार्ध त्या नियमावर उभा आहे. खेळानंतर निम्म्या लोकांनी विचारलं, "ते गाडीतून उतरत का नाहीत?" संकलनाच्या खोलीत तिघे बसून बघताना आम्ही त्या जागी फक्त मान हलवायचो. हशाला लांबी असते हे तिथे कळत नाही.

दुसरं, उलट. डेपोतल्या एका विनोदानंतर हशासाठी जागा सोडलेली होती. कुणी हसलं नाही. ती जागा नुसती मोकळी राहिली, आणि लोकांना वाटलं की चित्र अडकलंय.

तिसरं, दचकवायच्या जागा. पाचपैकी दोनच लागल्या. पहिला संशय आवाजावर गेला. ऑपरेटरकाकांना विचारलं फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, कुठे आहे. पाचवर. मिक्स होतो सातवर. सातच्या खाली चारपर्यंत दर आकड्याला सव्वातीन डेसिबलहून थोडं जास्त कमी होतं, म्हणजे आम्ही साडेसहा डेसिबलच्या वर गमावले होते. "सातवर न्या ना काका," म्हटलं तर ते म्हणाले, "नेतो की. पण संध्याकाळच्या पब्लिकला सातवर ट्रेलर ऐकवला तर मॅनेजरसाहेब धावत येतात वर. तुम्ही लोक इतकं मोठ्यानं कशाला करता?" मुद्दा बिनतोड आहे. सगळे मोठ्याने करतात म्हणून थिएटर फेडर उतरवतं, फेडर उतरवलेला असतो म्हणून सगळे आणखी मोठ्याने करतात.

पण दचकवण्याचं दुखणं आवाज मोठा नसण्यात नव्हतंच. रेकॉर्डिंगवर दिसलं ते असं: ज्या दोन जागा लागल्या त्यांच्या आधी बसचं इंजिन बंद पडतं. न लागलेल्या तिन्ही ठिकाणी इंजिनची घरघर चालूच. वर थिएटरच्या एसीची घरघर. शांतता नव्हतीच कुठे, मग मोडणार काय?

२४ डिसेंबर ते ६ जानेवारी

दुरुस्त्या. सगळ्या इथे एकत्र लिहितो.

सुट्या पैशांच्या ओळीनंतर कोंबड्याचा एक शॉट घातला, दीड सेकंदाचा. कोंबडा भुताकडे बघतो आणि मान वाकडी करतो. शूटिंगचा उरलेला माल चाळताना मिळाला. हशाची जागा भरायला काळी फ्रेम किंवा आधीचाच शॉट लांबवण्यापेक्षा हे बरं, कारण कुणी हसलं नाही तरी बघायला काहीतरी राहतं. आणि नियमाची ओळ पुढे तिसऱ्या रीलमध्ये क्लीनरच्या तोंडी एकदा परत घातली. त्यासाठी त्याला पुण्यात बोलावून डबिंग: ४,५०० रुपये, प्रवासासकट. डेपोतली मोकळी जागा सरळ कापली.

इंजिनचं काम जास्त वेळखाऊ. चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद कसं करणार? दिग्दर्शकाला पटेना. साउंडवाल्याने तोडगा काढला: इंजिन बंद करायचं नाही, दोन सेकंद आधीपासून हळूहळू फक्त त्याचा खर्ज काढत न्यायचा. कुणाच्या लक्षात येत नाही की काही गेलंय. मग एकदाच डबल बेल. घंटा मिक्समध्ये आधी होती त्याहून वाढवलेली नाही, तरी परवा खोलीत बसलेला चहावाला मुलगा कप सांडून गेला. तीनपैकी दोन जागा अशा सुधारल्या. तिसरी सुधारलीच नाही. ती काढून टाकली, आणि आता कुणाला तिची आठवणही येत नाही.

चित्र बदललं की सबटायटल आणि आवाज दोन्ही सरकतात. सिनेमा पाच रीलमध्ये तोडून ठेवला होता, म्हणून फक्त बदललेल्या रील नव्याने कराव्या लागल्या. अख्खा सिनेमा एका तुकड्यात ठेवू नका.

आता सबटायटल. हॉरर कॉमेडीत ही अक्षरं दोन्हीकडून घात करतात. आमच्या फाइलमध्ये कर्णबधिरांसाठीच्या नोंदीही मिसळलेल्या होत्या. त्यामुळे भूत खिडकीत येण्याआधी अर्धा सेकंद पडद्यावर कंसात 'किंचाळी' असं इंग्रजीत झळकत होतं. लोक वाचून तयार होऊन बसत. चाचणी खेळात एक काकू चक्क डोळे झाकून घेत होत्या, वाचल्या वाचल्या. महोत्सवाच्या प्रतीतून त्या नोंदी काढल्या. वेगळी फाइल ठेवली आहे, ती जिथे मागतील तिथे देऊ, वेळा मात्र नीट जुळवून.

विनोदाचं तसंच. दोन ओळींचं सबटायटल एकदम आलं की इंग्रजी वाचणारा म्हाताऱ्याच्या आधी हसून मोकळा. मालवणी कळणारा नंतर हसतो. एकाच थिएटरात दोन हशे, दोन्ही अर्धे. हशा आणणारी ओळ वेगळी तोडून बोलण्याबरोबरच आणली. पूर्ण सिनेमाभर हे करायला बसलो तेव्हा इतर कुठल्याही कामापेक्षा जास्त रात्री यात गेल्या, आणि यासाठी बजेटमध्ये एक रुपयाही धरलेला नव्हता.

९ जानेवारी

रंग. आमच्या कलरिस्टने काम चांगल्या मॉनिटरवर केलंय, पण मॉनिटर मॉनिटरच. थिएटरच्या पडद्यावरचा पांढरा ४८ निट (निट हे उजेडाचं माप), तोही दिवा नवा असेल तर. त्यात जिन्याच्या पायऱ्यांचे दिवे आणि 'बाहेर'ची हिरवी पाटी काळ्या रंगावर पाणी ओततात. शेवटच्या सीटवर अंधारात बसलेला कंडक्टर चाचणी खेळात कुणालाच दिसला नव्हता. तो दिसत नाही ही भीती नव्हे. तिथे कुणी आहे हेच कळत नव्हतं.

सगळं चित्र उजळवलं असतं तर बसमधली रात्र संध्याकाळ झाली असती. त्याऐवजी खिडकीतून येणाऱ्या चांदण्याची कड त्याच्या टोपीवर आणि बिल्ल्यावर वाढवली. बाकी काळंच. बिल्ला चमकला की पुरतं.

११ जानेवारी

बिडी. मेलेला कंडक्टर गाडीच्या टपावर बसून बिडी ओढतो. तंबाखूचं दृश्य असलं की पडद्यावर आरोग्याचा इशारा लागतो, म्हणून प्रमाणपत्राच्या वेळी धावपळ नको असं म्हणत संकलकाने तो आधीच चित्रात घालून ठेवलेला. नेमका खाली मध्ये. सबटायटल त्याच्यावर चढत होतं. त्या प्रसंगापुरती सबटायटल वर उचलली. इशारा काढून टाकायचा का यावर चर्चा झाली, पण त्यासाठी रील पुन्हा करायची कुणाची इच्छा नव्हती. राहू दे म्हटलं.

१७ जानेवारी

कुलूप घालायचं का? डीसीपी एन्क्रिप्ट केली तर तिची किल्ली, म्हणजे केडीएम, ठराविक सर्व्हरसाठी आणि ठराविक वेळेपुरतीच चालते. चोरीची भीती कमी. पण स्क्रीन बदलली तर किल्ली लागत नाही, खेळ लांबला आणि वेळ संपली तरी लागत नाही, आणि रात्री नऊ वाजता नवीन किल्ली करून द्यायला आमच्याकडे लॅब नाही. बिनकुलपाची दिली. मोठा सिनेमा असता तर हा निर्णय वेगळा झाला असता.

ड्राइव्ह दोन, ईएक्सटी-३, स्वतंत्र वायरसकट, प्रत्येकीवर चिठ्ठी: सिनेमाचं नाव, लांबी, फ्लॅट (चौकटीचा आकार; स्कोप त्याहून रुंद), ५.१, फोन नंबर. सॉफ्टवेअरमधली पडताळणी दोन्ही ड्राइव्हवर नक्कल झाल्यानंतर केली. नकलेच्या आधी केलेल्या पडताळणीचा उपयोग नाही. कुरिअर न करता सहायक दिग्दर्शक रात्रीच्या गाडीने स्वतः घेऊन गेला.

६ फेब्रुवारी

तांत्रिक चाचणी. प्रत्येक सिनेमाला दहा मिनिटं. एवढ्यात सुरुवातीपासून बघत बसायचं नसतं. टाइमकोडची चिठ्ठी करून नेली होती. पहिला संवाद, मधला स्पीकर बघायला. टिकटिक, डावा सराउंड बघायला. शेवटच्या सीटवरचा बिल्ला. बिडीचं दृश्य, सबटायटलच्या जागेसाठी. आणि एक डबल बेल, फेडर ठरवायला. इथले ऑपरेटर तरुण होते, त्यांना बेल आवडली. साडेसहावरून घासाघीस सुरू झाली आणि सहावर ठरलं. त्यांनी पट्टीवर लिहून सर्व्हरला चिकटवलं. मी फोटो काढून ठेवला.

७ फेब्रुवारी

खेळ रात्री पावणेनऊचा. आधीचा सिनेमा लांबला, आम्ही सव्वानऊला लागलो. भाषण, महोत्सवाची चित्रफीत, मग आपण.

पहिल्या शॉटला चित्र फुगलेलं. वरून डोकी कापलेली, खालून सबटायटल अर्धं पडद्याबाहेर. आधीचा सिनेमा स्कोप होता, आपला फ्लॅट, प्रोजेक्टरची सेटिंग बदलायची राहिली. सहायक दिग्दर्शक प्रोजेक्शनच्या दारातच उभा होता, हे ठरवूनच. माझा फोन आणि त्याचं दार ठोठावणं एकाच वेळी झालं. मिनिटाच्या आत सरळ झालं. थांबवून पहिल्यापासून लावायचं का असं त्यांनी विचारलं. दिग्दर्शक नको म्हणाला. बरोबर. पहिल्या मिनिटात फक्त घाट आणि नावं आहेत. लोकांना माना वळवून प्रोजेक्टरकडे बघायची सवय लागली की पुढचा पाऊण तास ते चूकच शोधतात.

चौथ्या मिनिटाला पहिली भीतीची जागा, आणि नेमके तेव्हाच उशिरा आलेले लोक मोबाइलचे टॉर्च लावून सीट शोधत होते. ती गेली. महोत्सवात पहिली दहा मिनिटं येणाऱ्यांची असतात हे धरूनच चालायला हवं.

टिकटिक सुरू झाली तेव्हा डाव्या बाजूच्या मागच्या दोन-तीन रांगांतल्या माणसांनी मागे वळून बघितलं. मी तिथून पुढे जरा टेकून बसलो.

सुट्या पैशांची ओळ: हशा कोंबड्यापर्यंत टिकला, कोंबड्याला परत फुटला, आणि त्यामुळे नियमाची ओळ पुन्हा निम्मी बुडाली! कोंबडा इतका चालेल असा हिशेब नव्हता. पण क्लीनरच्या तोंडी ती परत येते तिथे सगळ्यांना मिळाली. ते डबिंग वसूल.

सगळ्यात मोठा हशा आम्ही लिहिलेलाच नव्हता. टपावर कंडक्टर बिडी पेटवतो, गंभीर संगीत, आणि खाली इशारा उमटतो की धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. मेलेल्या माणसाला. आधी एक कोपरा हसला, मग हळूहळू अख्खं थिएटर. त्या हशात पुढचं अख्खं स्वगत वाहून गेलं, आणि लेखकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण ते स्वगत त्याचं लाडकं.

प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं मिळाली. कुणीतरी विचारलं, "बिडीखालची पाटी मुद्दाम का?" दिग्दर्शकाने चेहरा न हलवता "हो" म्हटलं.

१२ फेब्रुवारी

ड्राइव्ह परत आल्या. एकीची वायर नाही आली.

खर्च, संकलनानंतरचा, पहिल्या खेळापर्यंतचा: आवाजाची जादा शिफ्ट १८,०००, दुरुस्तीनंतरचं मिक्स आणखी २२,०००, चाचणी खेळाचं भाडं ९,०००, त्याआधीच्या दोन तासांचे ६,०००, डबिंग ४,५००, ड्राइव्ह ९,८००, प्रवास-चहा-जेवण ७,००० च्या आसपास. बेरीज ७६,३०० होते, म्हणजे लॅबच्या भावापेक्षा जास्तच. पण लॅबच्या भावात यातलं काहीच नव्हतं, नुसती डीसीपी होती. आवाजाचे १८,००० तर तिथेही लागलेच असते.

पुढचं काम प्रमाणपत्राच्या प्रतीचं. स्वगत बिडीच्या आधी हलवायचं, संकलक तयार आहे, लेखक नाही. कोंबड्याचा शॉट तसाच. नियमाची पहिली ओळ काढून टाकावी असं माझं मत, कारण ती ऐकू येणारच नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या फाइलसाठी त्या दीड सेकंदाच्या शॉटच्या दिवसाचे कागद शोधतोय. बाकी सगळ्या दिवसांचे आहेत. आणि नवी प्रत करताना फाइलच्या नावात तारीख बदलायची, नाहीतर थिएटरच्या सर्व्हरवर जुनी आणि नवी शेजारी शेजारी दिसतात आणि ऑपरेटर वरची लावतो.